मागच्या बाकावरून

गणपतीला गावी जाताना गाडीत कोण कुठे बसणार, हे आमच्या घरात गाडी यायच्या आधीच ठरलेलं होतं. पुढे दादा आणि आबा, मध्ये आई, काकू आणि वहिनी, आणि अगदी मागे, सामानाच्या शेजारी, मी आणि नऊ वर्षांचा पुतण्या. बोगदे व्हायच्या आधीचा कशेडी घाट. तिसऱ्या वळणावर पुतण्याचा चेहरा उतरला आणि पाचव्या वळणावर तो म्हणाला, “काका, दादाला गाडी थांबवायला सांग ना.” माझे गुडघे हनुवटीच्या जवळ होते, डोकं छताला टेकत होतं. गाडी बनवणारे ही सीट विसरूनच गेले असावेत, असं तेव्हा ठाम वाटलं.

पुढे या गाड्या कशा घडतात ते समजून घेण्याचा नाद लागला, आणि खरा प्रकार उलटाच निघाला. तीन रांगांच्या कौटुंबिक क्रॉसओव्हरमध्ये सगळ्यात जास्त भांडणं होतात ती त्या शेवटच्या सीटवरून. इंजिन कसं ठेवायचं, पेट्रोलची टाकी कुठे टांगायची, मागचं सस्पेन्शन कोणतं, छप्पर कुठवर न्यायचं, एवढंच काय, पत्रा कुठे जाड आणि कुठे पातळ, या प्रत्येक प्रश्नात तिसरी रांग नाक खुपसते. म्हणून ही गाडी मागून पुढे समजून घ्यायची.

आधी शब्दांचा थोडा निकाल लावू. अमेरिकेत ‘मध्यम आकाराची तीन रांगांची एसयूव्ही’ म्हणतात ती जवळजवळ पाच मीटर लांब असते. तिथल्या वाटा, पार्किंग आणि माणसंही त्या मापाची. आपल्याकडे तेवढी गाडी सोसायटीच्या गेटातून आत आली तरी वॉचमन शिट्ट्या फुंकून थकतो. त्यामुळे भारतात हेच काम साडेचार ते पावणेपाच मीटरांत उरकावं लागतं. चाकणला बनलेली महिंद्राची एक्सयूव्ही ५०० ही ४,५८५ मिलिमीटर लांब होती, तिच्यानंतर आलेली एक्सयूव्ही ७०० ही ४,६९५. टाटांची २०२१ची सफारी ४,६६१. सात माणसं तेवढीच, आणि हातात गाडी फूटभर कमी.

आता क्रॉसओव्हर म्हणजे काय? जुनी पद्धत शिडीची. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे, म्हणजे लॅडर फ्रेम. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल हे सगळं या शिडीला लटकतं आणि माणसं बसायची खोली वरून रबरी बुशांवर बोल्टांनी बसवली जाते. बैलगाडीची साटी आणि तिच्यावरचं छप्पर आठवा, तोच प्रकार. महिंद्राची २००२ साली आलेली, नाशिकला बनणारी स्कॉर्पिओ अशीच होती. शिडी दणकट, खड्ड्यात आपटली तरी मुकाट सहन करणारी. पण तिची उंची आधीच खर्ची पडलेली असते. तुळयांच्या वर तळ, तळावर सीट, सीटवर माणूस. आजींना आत चढवायला हात द्यावा लागतो तो याच कारणाने.

दुसरी पद्धत मोनोकॉक. इथे शिडी नाही. तळ, बाजू, छप्पर आणि खांब हे सगळे पत्रे एकमेकांना जोडून जी पेटी तयार होते, तीच भार पेलते. रॉकेलचा रिकामा डबा हातात घेऊन पिरगळून पाहा; झाकण लावलेलं असेल तर तो दाद देत नाही, झाकण कापून काढलं की कागदासारखा वळतो. पातळ पत्र्याला ताकद येते ती बंद आकारामुळे. गाडीचा तळ त्यामुळे खाली उतरतो, वजन आटोक्यात राहतं आणि वळणावर गाडी अंग टाकत नाही. एसयूव्हीची उंची आणि थाट ठेवून आतली हाडं मोटारीची, ती क्रॉसओव्हर.

सप्टेंबर २०११ मध्ये आलेली एक्सयूव्ही ५०० ही महिंद्राची पहिली मोनोकॉक एसयूव्ही. जीप आणि शिड्यांवर वाढलेल्या कंपनीने ही उडी घेणं सोपं नव्हतं. चेन्नईजवळच्या महिंद्रा रिसर्च व्हॅलीत तिची जडणघडण झाली, आणि कंपनीत तिला ‘डब्ल्यू २०१’ म्हणत. नावाचा उच्चार ‘फाइव्ह डबल ओ’ असा करायचा, आणि रूप चित्त्यावरून घेतलेलं, इतकं की दारांच्या मुठीही पंजासारख्या. मला त्या मुठी कधीच आवडल्या नाहीत, पण गिऱ्हाइकांनी माझं मत विचारलं नाही. मागणी इतकी आली की काही काळ बुकिंग बंद ठेवावं लागलं आणि पुढच्या फेरीत सोडत काढून गाड्या द्याव्या लागल्या.

मुठींपेक्षा महत्त्वाचा बदल बॉनेटखाली होता. स्कॉर्पिओत इंजिन उभं, म्हणजे लांबी गाडीच्या दिशेने. एक्सयूव्ही ५०० मध्ये २,१७९ सीसीचं डिझेल इंजिन आडवं बसवलं आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. आडवं इंजिन कमी लांबी खातं. पुढची चाकं ओढत असली की मागे जाणारा लांब शाफ्ट लागत नाही. इथे वाचवलेला प्रत्येक इंच डॅशबोर्ड पुढे सरकवतो, डॅशबोर्डबरोबर पुढची सीट सरकते, तिच्यामागे मधली, आणि सरतेशेवटी तो इंच मागच्या बाकावर बसलेल्या पुतण्याच्या गुडघ्यांपर्यंत पोचतो. निदान पोचावा अशी अपेक्षा असते. वाटेत त्याला बरेच वाटेकरी भेटतात.

ते वाटेकरी पाहण्यासाठी आरेखनकारांची एक खूण समजून घ्यावी लागेल : हिप पॉइंट. बसलेल्या माणसाचं धड आणि मांडी जिथे वळते तो बिंदू. गाडीच्या आतला सगळा नकाशा या बिंदूंभोवती काढतात. प्रमाणित मापाचा, वजनदार पुतळा सीटवर बसवून तो बिंदू तपासतात. त्या बिंदूपासून टाचेपर्यंतची उभी उंची जेवढी जास्त, तेवढं बसणं खुर्चीसारखं. ती कमी झाली की बसणं पाटावरच्यासारखं होतं. मांड्यांना आधार मिळत नाही, सगळा भार बुडावर येतो आणि गुडघे वर जातात. जेवायला पाटावर बसलेलं वीस मिनिटं चालतं. चिपळूणपर्यंत चालत नाही.

मग तिसऱ्या रांगेत ही उंची वाढवत का नाहीत? कारण खाली गर्दी आहे. मधल्या सीटखाली इंधनाची टाकी. एक्सयूव्ही ५०० मध्ये ती ७० लिटरची होती, ७०० मध्ये ६० लिटरची. टाकीच्या मागे मागचं सस्पेन्शन, बाजूने सायलेन्सरचा पाइप, आणि सगळ्यात मागे स्टेपनी. तिसऱ्या रांगेतल्या माणसाची पावलं नेमकी या भाऊगर्दीच्या वर येतात. तळ वर चढतो. छप्पर मात्र मागे उतरतं, कारण उतरतं छप्पर वाऱ्याला आणि डोळ्याला बरं. वरून छत खाली येतंय, खालून तळ वर येतोय, आणि या चिमटीत एक माणूस बसवायचा आहे.

रुंदीचंही तेच. मागच्या चाकाला खड्ड्यात वरखाली व्हायला जागा हवी, म्हणून चाकाची कमान आत घुसते. गाडी बाहेरून १,८९० मिलिमीटर रुंद असली तरी तिसऱ्या रांगेत दोनच माणसं बसतात ती या दोन कमानींमुळे. कमानीवर कोपर ठेवायची खाच आणि पेला ठेवायचं भोक करून देतात. अडचणीला हात टेकायला दिल्यासारखं.

इथे सस्पेन्शनची निवड कळीची ठरते. शिडीवरच्या गाड्यांत मागे बहुधा अखंड अ‍ॅक्सल असतो. दोन्ही चाकं एका दांड्याने बांधलेली. एक चाक उचललं की दांडा हलतो, म्हणून संपूर्ण दांड्याला वरखाली व्हायला मोकळी पोकळी राखावी लागते आणि तळ तेवढा वर जातो. एक्सयूव्ही ७०० मध्ये मागे मल्टिलिंक आहे. प्रत्येक चाक छोट्या छोट्या दांड्यांनी स्वतंत्र धरलेलं. मधली पोकळी वाचते, तळ थोडा खाली बसतो, शिवाय डाव्या चाकाचा खड्डा उजवीकडे बसलेल्याच्या कमरेत जात नाही.

पण मल्टिलिंकपुढेही एक न सुटणारा पेच आहे. मंगळवारी ऑफिसला जाताना गाडीत एक माणूस असतो. गणपतीला सात असतात. सरासरी ६५ किलो धरले तरी जवळजवळ चारशे किलोंचा फरक, आणि वर टपावर बॅगा. हा भार सारखा वाटला जात नाही. मागच्या दोघांचं वजन जवळजवळ सगळंच मागच्या चाकांवर पडतं, आणि मागे लादलेल्या सामानाचं तर त्याहून जास्त, कारण सामान चाकांच्याही मागे असतं. स्प्रिंग सातजणांसाठी कडक ठेवली तर एकट्याला गाडी धोंड्यावरून गेल्यासारखी लागते. मऊ ठेवली तर सातजणांत गाडी मागे बसते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. स्टिअरिंगच्या बाजूला दिव्याचं चित्र आणि शून्य, एक, दोन, तीन असे आकडे असलेलं एक चाक बऱ्याच गाड्यांत असतं. ते याचसाठी आहे : मागे भार वाढला की आकडा वाढवायचा, दिवे खाली येतात. दहा वर्षं गाडी चालवून त्याला हात न लावलेले लोक मी पाहिले आहेत. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर भरल्या गाडीसाठी टायरची वेगळी हवा लिहिलेली असते, तिचीही तीच गत.

या पेचावर एक्सयूव्ही ७०० मध्ये शोधलेली तोड सुरेख आहे. तिच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये हादऱ्याची लय ओळखणारी झडप आहे. आत तेल भरलेलं असतं आणि ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं, एवढं कोणत्याही शॉकमध्ये होतं. इथे मात्र भराभर येणारे छोटे धक्के, म्हणजे उखडलेला डांबरी रस्ता, आले की तेलाला जादा वाट मिळते आणि शॉक मऊ वागतो. संथ, मोठी हालचाल आली, म्हणजे वळणावरचं झुकणं किंवा उंचवट्यावरून उतरतानाचं डुलणं, की ती वाट बंद होते आणि शॉक कडक होतो. वीज नाही, संगणक नाही, नुसती झडप.

हे डुलणंच पुतण्याच्या पोटात गेलं होतं. गाडी पुढेमागे डोलते तेव्हा मधल्या भागातली माणसं सगळ्यात कमी वरखाली होतात आणि टोकाची सगळ्यात जास्त. झोपाळ्याची नाही, सीसॉची गोष्ट. त्यातून मागची खिडकी लहान, तिची खालची कड चढत गेलेली, समोर मधल्या सीटची पाठ. डोळ्यांना दिसतंय की सगळं स्थिर आहे, कान सांगतायत की आपण हलतोय. या भांडणात पोट मध्ये पडतं. त्यावर उपाय म्हणजे मोठी खिडकी आणि किंचित उंच सीट, जशी नाट्यगृहात मागची रांग चढती असते. पण सीट उंच केली की डोकं छताला.

तिसरी रांग आणायच्या दोन वाटा पुण्याच्या परिसरातच शेजारी शेजारी पाहायला मिळतात. टाटांची हॅरिअर ही पाच जणांची गाडी, ४,५९८ मिलिमीटर लांब. तिच्यातून सात जणांची सफारी काढली तेव्हा पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तसंच ठेवलं, २,७४१ मिलिमीटर. मागचं टोक फक्त ६३ मिलिमीटरने लांबवलं आणि गाडीची उंची ८० मिलिमीटरने वाढवली. छप्पर मागे नाट्यगृहाच्या पायरीसारखं चढतं ठेवलं. लांबी चिमूटभर आणि उंची मूठभर! तिसऱ्या रांगेला खरं काय कमी पडतं ते या दोन आकड्यांत आलं. एक्सयूव्ही ७०० ची वाट वेगळी. ती सुरुवातीपासून तीन रांगांची म्हणून मांडलेली. मागच्या पिढीपेक्षा चाकांमधलं अंतर ५० मिलिमीटर वाढून २,७५० झालं आणि उंची ३० मिलिमीटरने घटून १,७५५ झाली. दिसायला ती जास्त ऐटबाज, यात शंका नाही. पण सहा फुटी माणूस मागे बसवायचा असेल तर मी सफारीच्या पायरीला मत देईन.

आत शिरायचं कसं, हा पुढचा प्रश्न. मधली सीट आधी पाठ दुमडते आणि मग अख्खी पुढे उलटते, तीही एका खटक्यात. ही उलटणारी बाजू डावी असते, कारण आपण रस्त्याच्या डाव्या कडेला उतरतो. सीट उलटली की दाराची चौकट आणि चाकाची कमान यांच्यात जी फट उरते, तिच्यातून पाऊल टाकायचं. लहान मुलं तिथून खारीसारखी जातात. आबांना एकदा प्रयत्न करून पाहायचा होता, अर्ध्यात गेल्यावर ते शांतपणे म्हणाले, “मी पुढेच बसतो.” २०२४ मध्ये एक्सयूव्ही ७०० ला मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्यांचा पर्याय आला, मधून वाट सोडलेला. एक माणूस कमी झाला, पण दोघांची सोय झाली.

आणि सामान? एक्सयूव्ही ५०० मध्ये तिन्ही रांगा उभ्या असताना मागे ९३ लिटर जागा उरत असे. दोन शाळेची दप्तरं. तिसरी रांग दुमडली की तीच जागा ७०२ लिटर. म्हणजे गाडी सातजणांची आहे किंवा सामानाची आहे. दोन्ही एकदम नाही. हे विक्रेता सांगत नाही, पण लपवतही नाही, दिक्की उघडून पाहिली की दिसतं.

रॉकेलच्या डब्याकडे पुन्हा येऊ, कारण ती मोठी दिक्कीच मोनोकॉकची दुखरी जागा आहे. बंद पेटी मजबूत, हे खरं. पण तीन रांगांच्या गाडीला मागे भिंत नसते, मोठं भोक असतं. झाकण कापलेला डबा. एक चाक फुटपाथवर चढवलं की पेटी पिळवटायला बघते, आणि नीट बांधणी नसेल तर दिक्कीचं दार घासतं, कुरकुरतं. म्हणून मागच्या भोकाभोवती पत्र्याच्या पोकळ खांबांचं एक पूर्ण कडं बांधतात : तळातून वर, छतावरून आडवं, पुन्हा खाली. बांगडीसारखं. ते जाड केलं तर तिसऱ्या रांगेतल्याच्या खांद्याची जागा जाते. बारीक केलं तर गाडी दोन पावसाळ्यांत वाजायला लागते. उत्तर पत्र्याच्या जातीत शोधतात. काही भागांसाठी पोलाद नऊशे अंशांच्या वर तापवून लालबुंद असतानाच साच्यात दाबतात आणि तिथेच झटक्यात थंड करतात. लोहार पाणी पाजतो तेच, फक्त प्रेसच्या आत. पत्रा तेवढाच, ताकद कितीतरी पट.

कागदावरची गाडी पत्र्यात यायला तीन-चार वर्षं लागतात. आधी मातीची, खऱ्या मापाची मूर्ती होते. तिचं माप संगणकात जातं. मग येते ‘म्यूल’, म्हणजे खेचर : वरचं अंग जुन्या गाडीचं, खालचं सगळं नवं. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती जुनीच गाडी वाटते, आतला इंजिनीअर नवं सस्पेन्शन तपासत असतो. त्यानंतर काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांचा कागद चिकटवलेले नमुने. ही वेटोळी कॅमेऱ्याला उठाव दिसू नयेत म्हणून असतात. चाकण-तळेगाव रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी असा नमुना थांबला की टपरीवाल्याचा पोरगा मोबाइल काढणारच.

भोसरी-चाकणच्या टूल रूममध्ये पाहण्यासारखं काम असतं ते साच्यांचं. दारापासून मागच्या दिव्यापर्यंत गाडीची अख्खी बाजू एकाच पत्र्यातून निघते. प्रेसखाली दाबलेला पत्रा हात काढताच थोडा मागे उसळतो, म्हणून साचा मुद्दाम थोडा जास्त वळवून कापावा लागतो. किती जास्त, ते संगणक सांगतो, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. साच्याला निळा रंग लावतात, पत्रा दाबतात, निळं कुठे उमटलं आणि कुठे नाही ते बघून कारागीर हाताने घासतो. पुन्हा रंग, पुन्हा दाब. तीन रांगांच्या गाडीत मागच्या चाकावरचा पत्रा मोठा आणि सपाटसर असतो, आणि सपाट पत्र्यावर लाट लगेच दिसते. ट्यूबलाइटच्या प्रकाशात तिरकं बघून ती लाट हुडकणारी माणसं अजून लागतात.

चाचण्यांची जाहिरात होते ती वेगाची. महिंद्राने तमिळनाडूत चेय्यारजवळ ४५४ एकरांवर स्वतःचा चाचणीमार्ग बांधला आणि २०२१ मध्ये तिथे डिझेल एक्सयूव्ही ७०० ने चोवीस तासांत ४,३८४ किलोमीटर कापले. ताशी सरासरी १८२ किलोमीटरच्या वर. छान. पण कौटुंबिक गाडीची खरी परीक्षा रटाळ असते : सातही सीटवर माणसांच्या वजनाचा भार ठेवायचा आणि दगडी फरशांवरून, खड्ड्यांच्या रांगेवरून आठवडेच्या आठवडे गाडी हळू चालवत राहायचं. तडे तिथे सापडतात. पुण्यात वेताळ टेकडीला अर्धे लोक एआरएआय टेकडी म्हणतात ते ज्या संस्थेमुळे, ती मोटार संशोधनाची संस्था १९६६ची. गाडी नियमांत बसते की नाही याचे दाखले अशाच संस्था देतात. सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना तिच्याबद्दल माहीत असतं ते पार्किंगपुरतं.

नियमांची गोष्ट निघाली तर एक किस्सा सांगायलाच हवा. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचं उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के झालं, आणि एसयूव्ही कशाला म्हणायचं याची व्याख्या केली गेली : चार मीटरपेक्षा लांब, १,५०० सीसीपेक्षा मोठं इंजिन आणि जमिनीपासून किमान १७० मिलिमीटर उंची. महिंद्राने एक्सयूव्ही ५०० चा तळ १७० च्या खाली आणला, आणि सरकारदरबारी ती एसयूव्ही राहिली नाही. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिन्याभरात १.९९ लिटरचं इंजिन हजर! ऑगस्ट २०१६ मध्ये बंदी उठली. आपण समजतो की गाडीचा आकार वाऱ्याच्या बोगद्यात ठरतो. थोडा तो अधिसूचनेच्या परिच्छेदातही ठरतो.

एक्सयूव्ही ७०० च्या वाटेतही अशी वळणं आली. महिंद्रा आणि फोर्ड यांची संयुक्त कंपनी होणार होती; डिसेंबर २०२० अखेर तो बेत मोडला. ही गाडी एक्सयूव्ही ५०० चा पुढचा अवतार म्हणून येणार असं सगळे धरून होते, तर २०२१ च्या एप्रिलमध्ये नवं नाव जाहीर झालं. ७ ऑक्टोबरला बुकिंग उघडलं आणि ५७ मिनिटांत २५,००० गाड्या नोंदल्या गेल्या. पण तेव्हा जगभर इलेक्ट्रॉनिक चिपांचा दुष्काळ चालू होता. काही मॉडेलांसाठी लोक वर्षापेक्षा जास्त थांबले, आणि तोपर्यंत ज्या मुलासाठी तिसरी रांग हवी होती ते मधल्या सीटवर बसण्याएवढं दांडगं झालं.

सुरक्षेबद्दल आकडे चांगले आहेत. नोव्हेंबर २०२१ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत या गाडीला मोठ्यांच्या संरक्षणासाठी १७ पैकी १६.०३ गुण आणि पाच तारे मिळाले, मुलांच्या संरक्षणासाठी ४९ पैकी ४१.६६ आणि चार. ताशी ६४ किलोमीटरने गाडी मऊ अडथळ्यावर आदळवतात, तीही पूर्ण तोंडाने नाही, चाळीस टक्केच, म्हणजे समोरून अर्धवट धडक बसावी तशी. पुढचे दोन पोकळ खांब घडी पडत चुरगळतात आणि धक्का पिऊन टाकतात. माणसांची पेटी शाबूत राहायला हवी. पण ही चाचणी वाचताना पुतळे कुठे बसवले होते ते पाहावं. मोठे दोन पुढे, मुलांचे दोन मधल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कुणीच नाही. तारे खोटे नाहीत. ते फक्त तिथवर पोचत नाहीत. मागच्या सीटच्या पाठीपासून दिक्कीच्या काचेपर्यंत वीतभर जागा उरते, आणि मागून येणाऱ्या ट्रकसाठी वीतभर काहीच नाही. म्हणून मागे बसणाऱ्याने दोन गोष्टी आपल्या हाताने कराव्यात : पट्टा लावावा, आणि चालकाला मागचं दिसावं म्हणून खाली दाबलेली डोक्याची उशी वर ओढावी. दादा दरवेळी ती खाली दाबतो, मी दरवेळी वर ओढतो.

कॅमेरा आणि रडारच्या मदतीने आपणहून ब्रेक लावणं, पट्ट्यांमध्ये राहणं हे सगळं या गाडीच्या वरच्या मॉडेलांत आहे. कॅमेरा समोर काय आहे ते ओळखतो, रडार ते किती लांब आणि किती वेगात आहे ते मोजतं. द्रुतगती मार्गावर त्याचा उपयोग होतो. गावात, जिथे पट्टे पुसलेले आणि म्हैस मध्ये उभी, तिथे मी त्याच्यावर फार विसंबणार नाही.

शोरूममध्ये गेलात तर पुढे बसू नका, विक्रेता तिथेच बसवतो. पुढची सीट आपल्या मापाला लावा, मग मधली लावा, मग सरळ मागे जा आणि दहा मिनिटं बसा. दिक्कीतल्या गालिच्याखाली रबरी बुचं दिसतील. रंगाच्या आधी ही सबंध पेटी गंजरोधक रसायनाच्या हौदात बुडवून काढतात. ती बाहेर काढताना रसायन निथळायला जी भोकं ठेवतात, त्यांवरची ती बुचं. एखादं निसटलं की पावसाळ्यात पाणी थेट तिसऱ्या रांगेच्या पायाशी.

यंदा गावाहून परतताना पुतण्या मधल्या रांगेत बसला, काकू आणखी आठवडाभर राहणार होत्या, आणि मला एसटीचं तिकीट काढून देण्यात आलं. तिसरी रांग दुमडून सपाट केली होती. तिच्यावर दोन पोती नारळ, अर्धं पोतं तांदूळ आणि सहा मोठी तवशी नीट रचलेली होती. गाडी मागून जरा बसली होती, म्हणून मी खिडकीतून हात घालून दिव्यांचा आकडा दोनवर केला.